वेपबंदीची सभा

धामणकर नाक्याजवळच्या एका मोबाइल कव्हरच्या दुकानावर पोलिसांनी धाड घातली आणि काउंटरखालून खोकाभर वेप बाहेर काढले, तेव्हा कुठे भिवंडीतल्या पुष्कळ लोकांना कळलं की या वस्तूवर देशात बंदी आहे. बंदी काल-परवाची नव्हती, कायदा होऊन काही वर्षं उलटली होती. पण कायदा दिल्लीत झाला होता आणि वस्तू नाक्यावर मिळत होती. बॅटरीवर चालणारी, बोटाएवढी नळी. ओढली की धुराऐवजी गोड वासाची वाफ सोडायची आणि संपली की कचऱ्यात जायची.

पुढचे काही दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय. शेअर रिक्षाच्या रांगेत कुणी म्हणे, बरं झालं, पोरं बिघडत होती. त्यावर दुसरा म्हणे, सिगरेट उघड विकता आणि या पिपाणीवर बंदी घालता, हा कुठला न्याय. शिफ्ट सुटलेले लूमवाले चहा पिता पिता हसत, "गुटखा भी तो बंद हुआ था. मिलता है कि नहीं?" पानाच्या गादीवरचा मोरू मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला सांगे, "माझ्याकडे नव्हतंच हां ते. मला विचारायला आली होती पोरं, मी हाकलून दिली." त्याला कुणी विचारलेलं नसायचं.

पालकांनी आणि काही निवृत्त शिक्षकांनी मिळून वाचनालयाच्या सभागृहात एक सभा घ्यायचं ठरवलं. शाळा-कॉलेजांच्या आसपासची अशी सगळी दुकानं बंद करावीत, अशी मागणी करायची. अध्यक्ष म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच नाव आलं, विद्युल्लताबाईंचं. अर्ध्या गावाला त्यांनी विज्ञान शिकवलेलं. शिवाय त्यांचे यजमान दत्तोपंत कसे गेले, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोर्टात नोकरी, दिवसाला दोन पाकिटं, आणि शेवटची दोन वर्षं खिडकीपाशी ऑक्सिजनचं यंत्र. ते यंत्र रात्रंदिवस घुरघुरत असे आणि रस्त्यावरून जाणारा माणूस आपोआप हळू बोले.

विद्युल्लताबाईंनी होकार दिला आणि भाषण लिहायला बसल्या. चांगलं कडक भाषण लिहिलं. ज्या घरात हे व्यसन शिरतं त्या घरातल्या मोठ्यांचं लक्ष कुठे असतं, असा एक प्रश्न त्यात होता आणि तो त्यांचा त्यांनाच फार आवडला. त्या वाक्यावर खूण करावी म्हणून त्या मुलाच्या टेबलावरचा हायलायटर आणायला गेल्या. फिकट गुलाबी रंगाचा, जाडसर. कितीदा तरी तिथे पडलेला पाहिला होता. आल्हाद गोदामातल्या मालाच्या हिशेबावर खुणा करत असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

टोपण निघेना. त्यांनी ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. मग चष्मा नीट करून दिव्याखाली धरलं. वरच्या टोकाला बारीक भोक होतं. नाकाजवळ नेलं तर लिचीचा वास आला.

त्या खुर्चीवर बसल्या. आधी राग आला नाही, आलं ते हसू, आणि तेही स्वतःचंच. गेल्या आठवड्यात पोलिसांनी सभेच्या आयोजक समितीला दाखवायला जो नमुना आणला होता, तो हुबेहूब असाच होता. तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "घरच्यांना दिसत कसं नाही?"

आल्हाद कशेळीच्या एका गोदामात वाहतुकीचं बघत असे. ट्रकांच्या गर्दीतून, ठाणे-भिवंडी रस्त्यावरून धक्के खात तो संध्याकाळी घरी आला. त्याची बायको निवेदिता स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. विद्युल्लताबाईंनी ती नळी जेवणाच्या टेबलावर, त्याच्या पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवून दिली होती. त्याने ती पाहिली, बूट काढले, हात धुतले आणि समोर येऊन बसला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"बाबा गेल्यापासून."

"तू सिगरेट सोडलीस म्हणाला होतास."

"सोडलीच, आई. त्या दिवसानंतर एकही नाही ओढली. ही आली म्हणून सोडता आली. निदान मला तरी तसं वाटलं. मग हीच सुटेना. सिगरेट जेवणानंतर लागायची. ही खिशातच असते. फोन उचलावा तशी उचलली जाते."

"यावर बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे. ठाण्याला एक जण देतो. कधी पडघ्याला एका ढाब्यावर मिळते. हे दुकान बंद झालं म्हणून माझं काही अडलं नाही."

विद्युल्लताबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. कांदा चिरण्याचा आवाज थांबला होता.

"तुला माहीत होतं?"

निवेदिता दारात आली. "हो आई. मी सांगणार होते. पण तुम्ही बाबांचं इतकं केलंत. पुन्हा तेच तुमच्यापुढे कशाला आणायचं, असं वाटलं."

दत्तोपंतांना विद्युल्लताबाई आयुष्यभर रागावल्या होत्या. पाकिटं लपवली होती, फेकली होती, एकदा तर भरल्या घरात पाहुण्यांसमोर त्यांच्या हातातली सिगरेट काढून घेतली होती. त्याचा उपयोग इतकाच झाला की दत्तोपंत गच्चीवर जाऊन ओढू लागले. आता मुलगा समोर बसला होता, चाळिशीला टेकलेला, कानशिलं पांढरी झालेला, आणि शाळेतल्या मुलासारखा बोलणी खायची वाट बघत होता.

"जेवून घे," त्या म्हणाल्या. "गवार आहे."

रात्री त्यांनी भाषणातला तो प्रश्न खोडला. तो काढल्यावर उरलेलं भाषण त्यांना अगदीच पोकळ वाटलं, पण नवीन लिहायला जीव होईना.

सभेला गर्दी बरी झाली. मागच्या रांगेत कॉलेजातली चार मुलं येऊन बसली होती, बहुधा गंमत बघायला. निवेदिता पुढे बसली होती. आल्हाद येईल असं विद्युल्लताबाईंना वाटलं नव्हतं, पण तो आला आणि दारापाशी भिंतीला टेकून उभा राहिला.

लोक बोलत गेले. एका वकिलांनी कायदा समजावून सांगितला, की बनवणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळा गुन्हा आहे. एक गृहस्थ म्हणाले, नावं जाहीर करा अशा दुकानदारांची. क्लास चालवणाऱ्या एका तरुणाने विचारलं की बंदी होऊन एवढी वर्षं झाली तरी माल येतो कुठून, आणि आपण दुकानावर बोलतो, बंदरावर का बोलत नाही. टाळ्या पडल्या. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे बंद केलं तर सगळे सिगरेटच ओढतील." कुणीतरी त्याला गप्प बसवलं. विद्युल्लताबाई म्हणाल्या, "बोलू द्या त्याला. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही." मुलगा गडबडला आणि खाली बसला.

मग बायकांच्या बाजूने एक जण उठली. काठापदराची चांगली साडी, गळ्यात ठसठशीत सोनं. तिने माइक घेतला नाही. कशेळीच्या केसरीनाथांची बायको हौसा, असं तिने स्वतःच सांगितलं. त्यांच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत, हे सभेतल्या बहुतेकांना माहीत होतं.

"बाई, दुकान बंद झाला, बरा झाला," ती म्हणाली. "पन माझे पोरीचा काय? आमची पूर्वी नववीत हाय. तिचे दप्तरान ते घावला. शालेवाल्यांनी घरी बसवली तिला. आता ती ते ओढत न्हाय, मी तिला खोलीचे भायेर सोडतच न्हाय. पन तिला झोप न्हाय. जेवत न्हाय. हात थरथरतान. उगाच रडते, उगाच माझे अंगावर येते. नवरा बोलतं मार तिला. मारून जाईल काय ते? तुमी सगली शिकलेली मानसा इथं हाव. सांगा मना, मी काय करू."

सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले.

विद्युल्लताबाईंची नजर दाराकडे गेली. आल्हाद जमिनीकडे बघत होता. त्यांच्या मनात आलं, आता सांगावं, माझ्याही घरात हेच आहे. सभा जिंकता येईल. पण ते सांगणं त्यांचं नव्हतं, त्याचं होतं. आणि एकदा भरल्या घरात हातातून काढून घेतलेल्या सिगरेटचं काय झालं, हे त्यांनी पाहिलं होतं.

"हौसाताई," त्या म्हणाल्या, "आम्ही दुकानांचा विचार केला. तुमच्या मुलीचा केला नाही. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. पण मला ते शोधायला हवं. सभा संपल्यावर जाऊ नका."

लिहून आणलेलं भाषण त्यांनी वाचलंच नाही. निवेदनावर सह्या झाल्या, आभार झाले. पुढारपण करणाऱ्या एक-दोघांना सभा फिकी पडल्यासारखी वाटली आणि तसं त्यांनी निवेदिताला ऐकवलंही.

माणसांच्या गराड्यातून सुटून विद्युल्लताबाई बाहेर आल्या, तर हौसा पायऱ्यांवर बसली होती. तिच्या शेजारी आल्हाद बसला होता. तो बोलत होता आणि ती मान पुढे करून ऐकत होती. विद्युल्लताबाई दोन पायऱ्या वरच थांबल्या.

"हात थरथरतात ते कमी होतं," आल्हाद सांगत होता. "मी एकदा थोडे दिवस सोडली होती, तेव्हा माझेही थरथरत होते. डोकं फुटेल असं वाटायचं. घरात सगळ्यांवर खेकसायचो. ती मुद्दाम करत नाही हो. तिला कोंडून ठेवू नका. एकटीने नाही जमत."

"तुमी एवढं मोठं मानूस," हौसा म्हणाली, "आनि तुमी पन?"

"मी पण. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचा एक विभाग आहे. डॉक्टर असतात, समुपदेशन करणाऱ्या बाई असतात. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. तुम्ही पूर्वीला घेऊन येत असाल तर मीही येतो."

हौसाने वर पाहिलं, तेव्हा तिला विद्युल्लताबाई दिसल्या. "हे तुमचं कोन?"

"मुलगा," त्या म्हणाल्या. आपला आवाज इतका सरळ निघाला याचं त्यांना बरं वाटलं.

शनिवारी चौघं मिळून गेली. पूर्वी रिक्षात एका कोपऱ्याला चिकटून बसली होती. दोन वेण्या, कपाळावर आठी, कुणाशी अवाक्षर नाही. एका अनोळखी काकांसोबत आपल्याला दवाखान्यात नेतात, याचा तिला भयंकर राग आला होता. कशेळीच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा आल्हाद तिला म्हणाला, "मला लिची आवडायची. तुला?" पूर्वीने तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने, ट्रक पुढे सरकल्यावर, ती खाडीकडे बघत म्हणाली, "आंबा."

मग दर शनिवारी जाणं सुरू झालं. ती दोघं आत असत आणि या दोघी बाहेरच्या बाकावर. हौसा डब्यात तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी आणायची. सुरुवातीला विद्युल्लताबाई नको म्हणायच्या, मग दोन घास घेऊ लागल्या, मग स्वतःच्या डब्यात हौसासाठी गुळपोळी नेऊ लागल्या. केसरीनाथ एकदा स्वतः गाडी घेऊन सोडायला आला, पण आत आला नाही. गाडीतच बसून राहिला आणि परतताना पूर्वीला वडापाव घेऊन दिला. हौसाच्या मते एवढं पुष्कळ होतं.

मधल्या काळात विद्युल्लताबाई पूर्वीच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका त्यांच्या जुन्या सहकारी निघाल्या. त्यांनी आधी इतर पालक काय म्हणतील ते सांगितलं. विद्युल्लताबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, घरी बसवून ती दुसऱ्या मुलींपासून लांब राहील, पण दुकानापासून नाही राहणार. दुकान फोनवरही येतं आता." मुख्याध्यापिकांनी पूर्वीला सहामाहीला बसू दिलं, आणि परीक्षेनंतर वर्गातही.

नाक्यावरच्या त्या दुकानात दुसऱ्या कुणीतरी चार्जर आणि इअरफोन विकायला घेतले. सभेच्या निवेदनाचं पुढे काय झालं, हे कुणालाच नीट सांगता येईना. दुसऱ्या एका दुकानात माल मिळतो, अशी कुजबुज अधूनमधून कानावर येई. एकदा विद्युल्लताबाईंनीच पोलिसांत जाऊन तसं कळवलं, आणि नाक्यावरून जाताना त्या दुकानदाराकडे चांगलं रोखून बघत.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दवाखान्यात फार गर्दी होती. हौसा पाण्याची बाटली भरायला गेली होती. आल्हाद आणि पूर्वी आपली पाळी यायची वाट बघत पलीकडच्या बाकावर बसले होते आणि विद्युल्लताबाई इकडे पेपर वाचत होत्या.

"काका," पूर्वी हळूच म्हणाली, "मी परवा पुन्हा ओढली. मैत्रिणीकडे होती."

"मग?"

"मग काय. चांगली लागली. आणि नंतर रडायला आलं."

"मी सोमवारी ओढली," आल्हाद म्हणाला. "गोदामात. एक ड्रायव्हर ओढत होता, त्याच्याकडून घेतली. आज सांगायचंय डॉक्टरांना."

"ओरडतील?"

"नाही ओरडत त्या. लिहून घेतात आणि म्हणतात, पुढे."

पूर्वी म्हणाली, "तुम्ही आधी जा. मग मी जाते."

विद्युल्लताबाईंना पेपर खाली ठेवून काहीतरी विचारावंसं फार वाटलं. जुन्या सवयीने शब्द ओठांपर्यंत आलेही. त्यांनी पान उलटलं. तेवढ्यात आतून आल्हादचं नाव पुकारलं गेलं आणि तो शर्ट नीट करत उठला.