पिंपळगावचे दोन रायभान

नवऱ्याच्या मरणाचा कागद आला तेव्हा जयवंताबाई शाळूच्या रानाकडेला मेंढरं राखत बसली होती. माघ महिना होता. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्यात मेंढरं कुठं संपतात आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. नुसत्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. हातातल्या टकळीवर लोकर कातली जात होती आणि तिची नजर शाळूवर होती.

शाळूकडं बघत बसायची तिला तीन वर्षांपासून सवय लागली होती. नवरा पलटणीबरोबर मलायात गेला तेव्हा तिनं कुंभार पिंपळगावच्या पटवाऱ्याला, काकासाहेबांना, समुद्र म्हणजे काय ते विचारलं होतं. ते म्हणाले, "जिकडं बघावं तिकडं पाणी, अन् ते हालत राहतं." तिनं हालणारं एवढं मोठं काही पाहिलं होतं ते म्हणजे वाऱ्यातला शाळू. तेव्हापासून तिला त्या रानात नवरा दिसायचा. छातीपर्यंत कणसांत बुडालेला, चालत यायचा, पण जवळ पोचायचा नाही. ती घाबरायची नाही. बरं वाटायचं तिला.

चावडीवरून बोलावणं आलं. काकासाहेबांनी कागद आधी मनात वाचला, मग टोपी काढून बाजूला ठेवली.

"जयवंता, खाली बस."

"बसले."

"रायभान वल्द कडूबा, मौजे पिंपळगाव, जिल्हा औरंगाबाद. कैदेत असताना तापानं वारला. सालभर होऊन गेलं म्हणतात. वारसानं अंगठा करून कागद परत पाठवायचा."

जयवंताबाईला आपले हात लांब कुठंतरी गेल्यासारखे वाटले. ओट्यावर पडलेलं ऊन, भिंतीवरची पाल, काकासाहेबांचं हालणारं तोंड, सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. काकासाहेब पुढं वाचत होते. माणसाची ओळख पटावी म्हणून पलटणीच्या दफ्तरात लिहिलेल्या खुणा होत्या त्या. उंची पाच फूट दहा इंच. उजव्या भुवईवर वण. डाव्या दंडावर मारुती गोंदलेला.

"काय म्हणले? परत वाचा."

काकासाहेबांनी परत वाचलं.

"हे आमचे न्हाईत," ती म्हणाली. "त्यांची उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, तेवढीच. अन् गोंदण? सुईला भ्यायचे ते. करंगळीचं टोक कातरणीनं गेल्तं, ते कुठं लिवलंय ह्यात?"

ते लिहिलं नव्हतं. काकासाहेब कागद उलटसुलट करत राहिले. मग दोघांना एकदमच आठवलं. सिंगापूर पडायच्या आधी चार पत्रं आली होती, मुन्शीनं उर्दूत लिहिलेली, काकासाहेबांनीच वाचून दाखवलेली. त्यातल्या एकात रायभाननं हसत हसत कळवलं होतं, की पलटणीत त्याच्या नावाचा आणखी एक आहे. बापाचं नावही कडूबाच, गावही पिंपळगावच, पण बदनापूरकडचं. हजेरीला नाव पुकारलं की दोघंही हजर म्हणतात, म्हणून सुभेदारानं त्याला लांबा आणि ह्याला आखूड म्हणायला सुरुवात केली.

"म्हणजे लांबा गेला," काकासाहेब हळू बोलले. "मी दफ्तराला लिहून कळवतो. तू बिलकुल चिंता करू नको. घरी जा."

ती उठली नाही. "त्याच्या घरी कोण सांगंल?"

"दफ्तर सांगंल. सहा महिने लागतील, वरीस लागंल."

"अन् त्यांचा कागद माझ्याकडं आला, तर मंग आमचा कुठं गेला असंल?"

काकासाहेबांनी कागदाची नक्कल स्वतःकडं ठेवली आणि मूळ कागद तिला दिला.

सासऱ्यानं, म्हाताऱ्या कडूबानं, मेंढरं सांभाळायचं कबूल केलं. "आपला जित्ता असंल तर कशाला जाती दुसऱ्याच्या दारात रडू घेऊन?" एवढं तो म्हणाला; पण ती घोंगडी खांद्यावर टाकून निघाली तेव्हा त्यानंच भाकरी बांधून दिली. बाजाराच्या गाडीनं ती घनसावंगीपर्यंत गेली, तिथून रांजणीच्या टेसनापर्यंत चालली, मावसबहिणीकडं मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीत चढली. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीबाहेर करडईची, हरभऱ्याची रानं मागं पळत होती आणि तिला वाटत होतं, आपण जागेवरच आहोत, मुलूखच कोणीतरी ओढून नेतंय.

बदनापूरला उतरून विचारत विचारत ती त्या दुसऱ्या पिंपळगावात पोचली, आणि विहिरीपाशी येऊन थबकली. घर कोणाचं म्हणून विचारायचं? लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याचं नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. चावडीवर पुकारलं गेलं तरी ती मान खाली घालायची.

पाणी भरणाऱ्या बाईनं विचारलं, "कोणाकडं जायचंय?"

"रायभान," ती म्हणाली. जीभ अडखळली. "रायभान कडूबाच्या घरी."

नाव हवेत राहिलं. कोणीतरी मागून ओ देईल असं वाटून तिनं वळून पाहिलंसुद्धा. मागं नुसती वाट होती.

"झुंबरबाईकडं व्हय? चिंचेपासून खाली जा. नशिबाची म्हातारी. दोन वर्षं लेकाचा पत्ता न्हवता, अन् दिवाळीत कार्ड आलं. जित्ता हाय, कैदेत हाय."

जयवंताबाईचं काळीज असं उसळलं की तिला विहिरीच्या काठाला धरावं लागलं. आणि दुसऱ्याच क्षणी ते उसळणं तिला स्वतःलाच नकोसं झालं.

झुंबरबाई अंगणात तूर पाखडत होती. उंच, हाडाची बाई, पाठीत थोडी वाकलेली. सुपातला भुसा उडून उन्हात तरंगत होता आणि तिच्या केसांवर बसत होता. तिनं पाहुणीला पाणी दिलं, बाज ओढून दिली. "कोण गं तू?"

"पिंपळगावची. कुंभार पिंपळगावची."

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. खांद्यावरच्या घोंगडीकडं पाहिलं. मग आत गेली आणि जुन्या धडप्यात गुंडाळलेलं कार्ड घेऊन आली. वाचता येत नव्हतं तरी तिनं ते हातात धरून घडाघडा म्हणून दाखवलं; मास्तरकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं. "मी खुशाल आहे. तब्येत बराबर आहे. फिकीर करू नका. काळ्या कानाची मेंढी व्याली का? जवाब पाठवा."

काळ्या कानाची मेंढी. नवरा गेला तेव्हा ती कोकरू होती, त्याच्या मागं मागं फिरायची. आता जयवंताबाई एक शब्द बोलली तर ह्या बाईचं पोर मरणार होतं. न बोलता उठून जाता येईल. तो जित्ता आहे एवढं कळलं, अजून काय पाहिजे? ती उठायलाही लागली.

"बस," झुंबरबाई म्हणाली. "आमच्या दारात मेंढरू कधीच न्हवतं, बाई. दोन बैलं अन् एक म्हैस."

तूर पडलेल्या अंगणात चिमण्या उतरल्या होत्या. त्यांना कोणी हाकललं नाही.

"मी पैल्याच दिशी मास्तरला म्हणले, मेंढी कोणाची? तो म्हणला, कैदेत माणसाचं डोकं फिरतं. गावानं साखर वाटली. मी बी खाल्ली. पण मला ठाव व्हतं, हे कोणाचं तरी हाय, अन् जिचं हाय ती एक दिवस येईल. रोज सकाळी वाटंकडं बघायचे. म्हणायचे, आज नको, उद्या येऊ दे." तिनं हात पुढं केला. "माझा कागद तुझ्याकडं हाय ना?"

जयवंताबाईनं कनवटीचा कागद काढून दिला. दोघींनाही अक्षर कळत नव्हतं. झुंबरबाई कागदावरून बोट फिरवत राहिली आणि जयवंताबाईनं काकासाहेबांच्या तोंडून ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. तापानं. कैदेत. पाच फूट दहा इंच. भुवईवर वण.

"मोटंचा दोर लागल्ता."

"डाव्या दंडावर मारुती."

"जत्रेत मीच गोंदून घेतल्ता. सात वर्षांचा असंल. रडला न्हाई, पण माझा हात असा दाबून धरल्ता की बांगडी फुटली." ती रडली नाही. आपलं मनगट धरून बसली. मग म्हणाली, "आजचा दिवस गावात कोणाला सांगू नको. तू गेल्यावर मी सांगंन."

जयवंताबाई तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबली. दोघींनी मिळून राहिलेली तूर पाखडली. म्हातारी पोराच्या गोष्टी सांगत होती, जणू तो शेतात गेलाय आणि येईपर्यंत वेळ काढायचाय. जयवंताबाईनंही मेंढीचं सांगितलं, दोनदा व्याली, एकदा जुळी झाली. ऊन पिवळं होत गेलं. भुसा उडत होता, खाली बसत होता, पुन्हा उडत होता. मधेच झुंबरबाई म्हणाली, "तुझ्या माणसाला भूक लई लागते का गं?" आणि तिनं "व्हय" म्हटल्यावर काळजीनं मान हलवली.

निघताना कार्ड जयवंताबाईच्या हातात होतं. झुंबरबाई वेशीपर्यंत आली. "तो आला की त्याला घेऊन ये," एवढंच म्हणाली.

मेंढी व्याल्याचा जवाब काकासाहेबांनी लिहून धाडला. तो पोचलाच नाही. लढाई संपली, आणि त्यानंतरच्या पौषात रायभान घरी आला. सासऱ्यानं त्याला आधी ओळखलं नाही. अंगावर मांस नव्हतं, आवाज खोल गेलेला, आणि मेंढरं बुजली तरी तो जागचा हालत नव्हता. शाळूकडं बघत बसायचा. जयवंताबाई त्याच्याशेजारी बसायची. आता रानात तिला कोणी दिसत नव्हतं.

महिनाभरानं, थोडं बळ आल्यावर, ती त्याला बदनापूरला घेऊन गेली. टेसनावरून बाहेर पडल्यावर ती वाट दाखवायला पुढं झाली, तर तो आधीच वळला होता. बाभळींच्या रांगेपाशी डावीकडं. नाल्यात उतरून, दगडांवर पाय देत पलीकडं. विहिरीपाशी तो थांबला नाही. ती मागून जवळजवळ पळत होती.

"तुमी कवा आल्ते इथं?"

"मी न्हाई आलो," रायभान म्हणाला. "लांबा रोज यायचा. काम सुटलं की आम्ही आडवे पडायचो अन् तो टेसनावर उतरायचा. एक एक झाड सांगत घरापर्यंत जायचा. दारात पोचला की मंग झोपायचा. ताप चढला तेव्हा त्याला पुढचं आठवंना. मंग मी सांगायचो, त्याच्या बदली."

झुंबरबाई दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं, जवळ येऊन त्याचा करंगळीचं टोक नसलेला हात हातात घेतला आणि त्याला बाजेवर बसवलं. आधी भाकरी वाढली. तो खात असताना समोरून हालली नाही. तांब्या खाली ठेवल्यावर तिनं विचारलं, "शेवटी काय म्हणला?"

जयवंताबाईला वाटलं, ह्यानं काहीतरी गोड सांगावं.

"काही न्हाई म्हणला," रायभान म्हणाला. "मी सांगत व्हतो, तो ऐकत व्हता. आम्ही विहिरीपर्यंत आल्तो. तिथं त्याचा हात सैल पडला. पण मी थांबलो न्हाई, माय. मी त्याला दारापर्यंत आणला."

झुंबरबाईनं पदर तोंडावर घेतला. दोन वर्षांपूर्वी जी रडली नव्हती ती आता रडली, मोठ्यानं, आणि जयवंताबाईनं तिला धरून ठेवलं. शेजारच्या बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या, आत कोणी आलं नाही.

शांत झाल्यावर म्हातारीनं तोंड पुसलं, भिंतीला टेकून डोळे मिटले.

"मला सांग. सगळं सांग, तो सांगायचा तसं."

रायभान टेसनापासून निघाला. बाभळींची रांग, नाला, नाल्यातला तिसरा दगड हलतो, विहीर, विहिरीवरून उजव्या हाताला चिंच.

"चिंच पडली गेल्या साली," झुंबरबाई डोळे मिटूनच म्हणाली. "वादळात. तिथं आता मोकळं ऊन असतं."

"मंग उन्हातून," रायभान म्हणाला, आणि पुढं चालू लागला.