कंबर आधी, हात मागनं

सेहेचाळीस सालच्या शिमग्याला आमचं धनी लढाईवरनं घरी आलं. ट्रंकंत दोन कांबळी, एक पितळी मग आन् एक पांढरा चेंडू. मोठ्या लिंबाएवढा, अंगावर बारीक खड्डे पडल्याला. म्या म्हटलं, "चार वर्सं घरदार सोडून ह्येच कमवलंसा व्हय?" तर म्हणालं, "अगं, ह्यो गोल्पचा चेंडू हाय. सायबांचा ख्येळ." त्येवढंच बोललं आन् गप बसलं.

गप म्हंजे कसं, चार महिनं गप. वाढलं तर जेवायचं, न्हाईतर आढ्याकडं बघत बसायचं. लय जीव तुटायचा माझा. मग एक दिस पारावर मानसिंग पाटलानं इच्यारलं, "हवालदार, त्या चेंडूचं काय करत्यात?" पलटणीत साधं शिपाईच हुतं, पर गावानं हवालदार क्येलं हुतं. आन् धनी सुटलं की! पलटणीतल्या डिक्सन सायबासंगं रोज ख्येळायचो, सायबाला धा डाव हरवला, आपण मारला की चेंडू डोंगरापल्याड! सांगता सांगता हसलं. म्या पाण्याला चालले हुते, ती घागर घिऊन तितंच हुबी ऱ्हायले. माझा माणूस हसला हुता. खरं का खोटं, मला काय करायचं हुतं?

तवापास्नं रोज पारावर ही गोष्ट. डोंगर रोज उंच व्हायचा.

शाळू कणसाला आला तवा उंब्रजच्या टपालातनं चांदसाहेब बागवानानं धन्यांच्या नावाचं कारड आणलं आन् पारावरच मोठ्यानं वाचलं. डिक्सन साहेब विलायतंला परत चालला हुता. जायच्या आधी साताऱ्याच्या माळावर जुन्या शिपायांना भेटणार हुता. गोल्पच्या काठ्या आणणार, परत्येकानं एक चेंडू मारायचा. पाटील उठून हुबाच ऱ्हायला. "हवालदार, आमी समदं येणार बघाय! मोटारच ठरवतो!"

धनी घरी आलं त्ये तोंड पांढरंफटक. म्हणालं, "मला ताप आलाय म्हणून सांग."

म्या कपाळाला हात लावला, थंडगार. "कसला ताप वो?"

मग खालमानेनं बोललं. "म्या कवा ख्येळलोच न्हाई. सायबाची काठ्यांची पिशवी वाहायचो. काठीला हात लावला त्यो पुसाय."

असा राग आला म्हणताय! गावभर फुशारकी मारली आन् आता कांबळ्यात तोंड घालून पडणार? पर रागाच्या खाली भ्या हुतं. ह्यो माणूस गावाच्या हसण्यावारी गेला तर परत गप हुईल. आन् आता गप झाला तर कायमचा. म्या म्हटलं, "उठा. पंदरा दिस हाईत. चला रानात."

मी शाळवाच्या रानात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकत हुते. धन्यांनी बाभळीची वाकडी काठी तासली, बांधावर कवठ ठिवलं आन् हुबं ऱ्हायलं. कसं? सावधान! छाती फुगवून, गुडघं ताठ. काठी डोक्यावर न्हेली आन् कुदळ घालत्यात तशी दाणकन् खाली. कवठ जाग्यावर. ढेकूळ उडालं त्ये थेट माझ्या मांडीवर.

"आवं, चेंडू मारताय का हीर खणताय?"

"सायेब म्हणायचा, डोकं खाली, डावा हात सरळ. सगळं पाठ हाय माझं."

"तुमचं पाठ हाय, काठीचं न्हाई." परत दाणकन्. परत ढेकूळ.

मी माळ्यावरनं उतरले. गोफणीत खडा घातला. "हिकडं बघा. हात बघू नका, कंबर बघा." पाय जरा फाकलं, आंग सैल सोडलं, मागं वळले. आधी कंबर फिरली, मग खांदा, हात बिचारा समद्यांच्या मागनं आला, आन् हिसका बसला त्यो अगदी शेवटाला. खडा पार वढ्यापल्याडच्या चिंचंवर. राघूंचा थवा भर्रकन उडाला.

"जोर लावायचाच न्हाई. जोर खड्यालाच येतो. तुमी समदा जोर मनगटात कोंबताय."

"बाईमाणसानं मला शिकवायचं व्हय?"

"मग मारा की बापयावानी!"

तीन डाव मारलं, तीन डाव बांध खणला. मग गपगुमान माझ्याम्होरं यिऊन हुबं ऱ्हायलं. म्या मागनं दोन्ही हातांनी कंबर धरली आन् फिरवली. शेजारच्या रानात हरणाबाई खुरपत हुती, ती तोंडाला पदर लावून हसाय लागली. हसंना का! पाच दिस कवठ ठिवूच दिलं न्हाई, नुसतं आंग फिरवाय लावलं. "कंबर आधी, हात मागनं," दिसभर एकच घोकणी. धनी चिडायचं, काठी फेकायचं, परत उचलायचं. आठव्या दिशी 'टक्' असा आवाज झाला आन् कवठ वढ्यात जाऊन पडलं. धनी बघतच ऱ्हायलं. आन् मग आमी दोघं बांधावर बसून खुळ्यागत हसलो.

साताऱ्याला आख्खा गाव आला. एकाच मोटारीत कोंबून. माळावर सायबानं एकेकाला बोलवलं. कुणाचा चेंडू चार हात, कुणाचा जाग्यावरच. मग धन्यांची पाळी. सायबाला बघितल्याबरूबर माझा माणूस परत सावधान! छाती पुढं, गुडघं ताठ. काठी वर गेली ती कुदळीगतच. मला दम निघंना. म्या वरडले, "आवं, कंबर!"

समदा माळ वळून माझ्याकडं बघाय लागला. धन्यांनी बी बघितलं. हसलं. खांदं सैल सोडलं, वळलं, आन् टक्! चेंडू गेला, गेला, पार तिकडं झुडपात.

गावानं एकच कालवा क्येला. साहेब धावत आला, धन्यांचा हात धरून हलवला. "चार साल हमारा थैला उठाया, एक गेंद नहीं मारा! आज किसने सिखाया?"

हिंदुस्थानी समद्यांना कळायचं. पाटलाचं हसू थांबलं.

धनी पाटलाकडं वळलं. "पाटील, म्या लबाड बोललो. सायबाला कवा हरवला न्हाई. पिशवी वाहत हुतो." आवाज जरा बी हलला न्हाई. मग माझ्याकडं हात क्येला. "माराय हिनं शिकवलं. माझ्या रंगूनं."

चारचौघांत बायकूचं नाव कोण घेतंय? लग्नात घेतलं हुतं त्येवढंच. माझं कान तापलं, डोळं भरलं, आन् त्यातच पाटील गरजला, "मग तिलाच मारू द्या की वो एक!"

सायबानं खरंच काठी माझ्या हातात दिली. म्या पदर खवला, आंग सैल सोडलं आन् मारला. लांब न्हाई गेला, चाळीस-पन्नास पावलं. पर सरळ, दोरी धरल्यागत. बायकांनी डोक्यावर माळ घेतला.

परत येताना मोटारीत धनी मधी बसलं हुतं आन् समदी भवतीनं. "आमच्या रंगूनं मारला त्यो चेंडू," सांगत हुतं, "सायबाच्या डोक्यावरनं गेला त्यो..." उंब्रज येईस्तोवर माझा चेंडू अजिंक्यतारा वलांडून पल्याड उतरला हुता. पाटील डोळं पुसत हुता हसून हसून. समद्यांना ठावं हुतं किती लांब गेला त्यो. म्या एक शब्द खोडला न्हाई.