साडेतेरा मुठींच्या वर नखभर

मी एक म्हातारी घोडी आहे, मित्रांनो, वेल्सच्या डोंगरातली. तोंडात दात थोडेच उरलेत, म्हणून गवत कमी आणि गोष्टी जास्त चघळते.

आमची उंची मुठींनी मोजतात, एक मूठ म्हणजे चार इंच. उंची आणि अंगलट पाहून आमचे चार प्रकार करतात. बारा मुठींपर्यंतची पहाडी तट्टं पहिली. माझी आई त्यांतली. दगडाच्या वासावर पोट भरतं, असं ती सांगायची. आमच्या घराण्यात खोटं कुणी बोलत नाही. वाढवून बोलतात, इतकंच. त्यांच्याहून उंच, साडेतेरा मुठींपर्यंतची, सडपातळ, मुलांच्या बसण्याची ती दुसरी. उंचीची हद्द तीच, पण अंगाने भरलेली ती तिसरी. आणि साडेतेराच्या वर गेली की चौथी, थोरली कॉब. माझा बाप त्यांतला. तो दुडकत गेला की त्याची सावली दुसऱ्या दिवशी पोचायची.

मला चेहरा आईचा मिळाला, छाती बापाची. उंची मात्र साडेतेरा मुठींच्या वर नखभर.

दर शरदात सगळे शेतकरी मिळून डोंगरावरची तट्टं खाली हाकून आणतात, मोजदाद करून पुन्हा वर सोडतात. माझा मालक एमिर माझ्यावर बसून जायचा. ते माझं माहेर. आई कळपातून पुढे यायची, माझी मान हुंगायची, आणि उतारभर आम्ही शेजारी शेजारी चालायचो. वर्षातून तेवढीच भेट.

एका उन्हाळ्यात एमिरच्या मनात घोड्यांच्या प्रदर्शनातला कप भरला. आमच्याकडे घराला छप्पर नसलं तरी चालतं, घोडीला कप हवा.

“बाबा, मोठ्यांत उभी करा ना तिला,” त्याची मुलगी नेस्टा म्हणाली.

“मोठ्यांत ही बुटकी दिसेल. तिसऱ्यांत राणी आहे राणी.”

“राणीला गुडघ्यावर बसवणार का मग?” शेजारचा नालबंद गुटो म्हणाला.

“तू खूर घास. नाल काढूनच मोजतात.”

गुटोने घासलं. पट्टी लावली. अजून नख उरलं.

“आता पुढे जिवंत मांस आहे, एमिर.”

“थोडंच रे. पोराला न्हाव्याकडे नेलं तर कुणी एवढं रडत नाही.”

गुटोने मान खाली घातली आणि घासलं.

मी साडेतेरात बसले. कप मिळाला. एमिरने माझ्या कपाळाचा मुका घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखण्याने माझे पाय जमिनीला टेकेनात.

शरद आला तेव्हा मी तबेल्यात आडवी होते. एमिर गुटोचं घोडं मागून घेऊन डोंगरावर गेला. परत आला तो टोपी हातात घेऊन माझ्याजवळ बसला.

“आली होती तुझी आई,” तो म्हणाला. “सगळी तट्टं फाटकात शिरली. ही मागे तोंड करून उभी. गुटोने हाकललं, मी हाकललं, हलेना. शेवटी नेस्टाने मान धरून आत नेली.”

त्या हिवाळ्यात डोंगरावर फार बर्फ पडलं. माझे खूर वसंतात भरून आले. पुढच्या शरदात मी वर गेले, कळपाला दोन फेऱ्या घातल्या. माझी मान हुंगायला कुणी पुढे आलं नाही.

मित्रांनो, कुणाला कुठल्या रांगेत उभं करायचं ते खुशाल ठरवा. पण तो बसत नसेल, तर रांग बदला. त्याचे पाय घासू नका. त्या पायांनी त्याला कुणाकडे तरी जायचं असतं.