गाठीपासून ओवलेली माळ

संध्याकाळी आईने जेवणाच्या टेबलावर मण्यांचा डबा उपडा केला. तिची लेक खारूताई आठ वर्षांची. आई प्रयोगशाळेत नक्की काय बनवते, हे तिला वर्गात सांगायचं होतं.

"हा एक मणी म्हणजे अमिनो आम्ल," आई म्हणाली. "असे वीस प्रकारचे मणी. थोडे ओवले की पेप्टाइड. माळ लांबलचक झाली की प्रथिन. कोणत्या मण्यानंतर कोणता, तो झाला क्रम. आणि रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, बारीक दाणा म्हणजे गाठ. माळेचं शेवटचं टोक त्या गाठीला धरून असतं, म्हणून काम होईपर्यंत माळ निसटत नाही."

तिने कागदावर क्रम लिहून दिला: लाल, पिवळा, हिरवा, निळा. खारूताईने दोऱ्याला गाठ मारली आणि निळा मणी उचलला.

आधी लाल घे, असं आई म्हणाली, तर खारूताईने कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, गाठीपाशी शेवटचा हवा ना? मग तोच आधी जाणार. तूच तर सांगितलंस."

आईचा हात डब्यातच राहिला.

एरवी प्रयोगशाळेत हे काम यंत्र करायचं. लिहिलेला क्रम भरला की ते आपलं आपण शेवटाकडून सुरुवात करायचं. नोकरीला लागून आईला पाच महिने झाले होते, पण हे कळायची वेळच आली नव्हती. गेल्या आठवड्यात यंत्र बिघडलं. तिने अकरा मणी हाताने जोडले, कागदावर होते तसे, पहिल्यापासून.

तपासणीत शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के आली. वजनही बरोबर. येणारच; उलटी ओवली म्हणून माळ हलकी होत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी चारचौघांत पाठ थोपटली होती. उद्या ते पेप्टाइड पेशींवर घालायचं होतं. क्रम उलटा, म्हणून काहीच घडणार नाही, आणि आपली दोन वर्षं जपलेली कल्पनाच फोल होती, असं मॅडम धरून चालतील. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. बोललं तर शुक्रवारचं नोकरी कायम झाल्याचं पत्र विसरायचं. खारूताई माळ गळ्यात घालून आरशासमोर गेली.

सकाळी पेशींच्या खोलीकडे जाताना दोन दारांमधली कपाटाएवढी जागा लागायची. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे, आणि उघडायचं कार्ड फक्त मॅडमकडे. पेप्टाइडची कुपी मॅडमच्या हातात होती. मागचं दार लागलं. आईने भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं.



"आणखी कुणाला माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या मुलीला. तिनेच पकडलं."

मॅडम हसल्या नाहीत. कार्ड त्यांच्या बोटांत तसंच राहिलं. मागच्या वर्षीही यंत्र बंद पडलं होतं, त्या हळूच म्हणाल्या. तेव्हा तिच्या जागी कामाला असलेल्या मुलाने हाताने माळ बनवली होती. पेशींवर काहीच झालं नाही. त्यांनी त्याला निष्काळजी ठरवून काढलं, आणि ती माळ निरुपयोगी म्हणून पेप्टाइडांच्या यादीतून खोडली.

"त्याला कुणी सांगितलं होतं का, कुठून सुरू करायचं ते?" तिने विचारलं.

मॅडमनी कुपी कोटाच्या खिशात टाकली. दार मात्र त्या उघडेनात. दोघी तिथेच उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ.