खोऱ्यातलं शिंग

केझायाने खुंटीवरचं शिंग काढलं आणि गाल फुगवून फुंकलं. कडेवर तान्हा जोसाया, घेवड्याचं पातेलं नुकतंच उतरलेलं, आणि नवरा एनॉक पार ओढ्यापलीकडे मका कापत होता. मेरीलँडला मालकाच्या मळ्यावर गुलामांच्या जेवणाला असंच शिंग वाजे.

तिथून पळून या पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यात येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. पळालेल्या गुलामांना पकडणारे इथवरही येत. कुशीतलं बाळ ओढून नेतील या धास्तीने तिचा डोळा लागत नसे. काही महिने आधीच पळून आलेला एनॉक म्हणे, इथंच राहू, माणसं आपली आहेत. ती म्हणे, गोड बोलणारी पुष्कळ पाहिली. शेवटी एनॉकने तिचंच ऐकलं. उद्या पहाटे कॅनडाची वाट धरायची, तिथं पकडणाऱ्यांचा हात पोचत नाही. गाठोडं दाराआड तयार होतं.

एनॉक धापा टाकत आला, हातात कोयता. "कुठायत ते?"

"कोण? जेवायला बोलावलं तुम्हाला."

तो मटकन उंबऱ्यावर बसला. "अगं, इथं जेवायला शिंग फुंकत नाहीत. पकडणारे आले तरच. सांगायचं राहिलंच माझं."

तोवर अंगण भरलं होतं. सायलस लोहार हातोडा घेऊन, त्याची बायको उकळत्या पाण्याची किटली सांभाळत. गोरे लेव्हीकाका क्वेकर पंथाचे, हत्यार न धरणारे. ते रिकाम्या हातांनी येऊन दार अडवून उभे राहिले होते. आभाळ भरून आलेलं, आणि काकांचं वाळत घातलेलं गवत तसंच शेतात पडलेलं. केझायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोलावलंसच वहिनी, तर वाढ आता," सायलस म्हणाला. सगळे हसले. तिने घेवड्यात पाणी वाढवलं, मक्याची भाकरी मोडून मोडून वाटली. पहिले थेंब पडले; लेव्हीकाकांनी शेताकडे मान वळवली नाही.

तेवढ्यात चढावर डॉर्कस मावशी दिसली. बेडीने कायमचा अधू झालेला घोटा ओढत, चुलीतली सळई टेकत म्हातारी येत होती. घाईत अनवाणीच निघालेली. केझाया धावत सामोरी गेली.

"मावशी, चुकून वाजलं हो. आणि खरं असतं, तरी तुम्ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं."

"माहीत होतं की," मावशी दम खात म्हणाली. "पण सगळं आटोपल्यावर मागं तुझ्याजवळ बसायला कुणीतरी नको का, पोरी?"

केझायाने तिला चुलीजवळ बसवलं. तळपाय रक्ताळले होते. दाराआडचं गाठोडं तिने पुढे ओढलं, हाताने गाठ सुटेना तेव्हा दातांनी सोडली, आणि बाळाचं सगळ्यात मऊ फडकं काढून मावशीच्या पायाला बांधायला बसली.