सतरावा चौक

एकसष्ट टक्के. माझ्या निबंधातली एकसष्ट टक्के वाक्यं चोरीची आहेत असं विद्यापीठाच्या संगणकाने ठरवलं आणि लेखनाच्या बाईंनी ते पान माझ्यापुढे सरकवलं. जिकडेतिकडे लाल रेघा. चोरी कुठून केली तेही खाली छापलं होतं: माझ्या जुन्या ऑफिसचा, शहरातल्या रहदारीच्या आवाजावरचा अहवाल. लेखक म्हणून साहेबांचं एकट्याचं नाव.

"हा अहवाल मीच लिहिलाय," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यावर तुमचं नाव नाही."

"नाही ना. तेच तर दुखणं आहे."

आमची ही उन्हाळी शाळा सहा आठवड्यांची. परदेशात मास्टर्स करायला आलेल्या आम्हा चाळीस जणांना, खरे वर्ग सुरू होण्याआधी, निबंध कसा लिहावा आणि संदर्भ कसा द्यावा हे शिकवायची. नोकरीत आठ वर्षं घासल्यावर मी पुन्हा बाकावर बसले होते. शेवटच्या निबंधात नापास झालं तर तो पुन्हा देता येतो. चोरी ठरली तर जागाच रद्द, बॅग भरायची आणि घरी. बाईंनी हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं की मला जास्तच चीड आली.

चूक माझी होतीच. संदर्भ द्यायला हवा होता. पण स्वतःच्याच वाक्यांखाली साहेबांचं नाव लिहायला हात धजेना. चोवीस चौकांत स्टँडवर आवाज मोजायचं यंत्र लावून, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन तास, धूर खात मी उभी राहिले होते. साहेब एकदाही तिकडे फिरकले नाहीत. नंतर तीन आठवडे मान मोडून अहवाल लिहिला, त्यात साहेबांनी फक्त मुखपृष्ठाचा रंग बदलला. शेवटच्या पानावर गाडीच्या ड्रायव्हरचे आभार होते. माझे तेही नव्हते. तेव्हा मी मूग गिळून बसले, आणि त्याचा राग मला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

"तुमच्या साहेबांकडून दोन ओळी आणा," बाई म्हणाल्या. "लेखन तुमचं आहे, एवढंच. शुक्रवारपर्यंत."

हॉस्टेलच्या कपडे धुवायच्या खोलीतून मी साहेबांना फोन लावला.

"अगं, कशी आहेस? जेवणाचे हाल नाहीत ना होत?" साहेब साखरेत घोळवून बोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पत्र ना? देतो की. त्यात काय एवढं."

तासाभरात पत्र आलं. 'सदर अहवालाचे संपूर्ण लेखन मी स्वतः केले आहे. मोजणीच्या कामात यांचे साहाय्य झाले. त्या कष्टाळू आहेत.' पाठोपाठ मेसेज: 'कष्टाळू लिहिलंय बघ मुद्दाम.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईला फोन केला, निदान ती तरी माझ्या बाजूने दोन शिव्या घालेल म्हणून. ताई बँकेत आहे. तिच्यासमोर रोज कुणी ना कुणी आवाज चढवतो आणि ती सगळ्यांना शांत करून घरी पाठवते. मलाही तसंच करायला निघाली.

"सही वरच्याचीच असते गं. माफी माग, नवा निबंध लिहून दे, विषय मिटव."

"न केलेल्या चोरीची माफी मागू?"

"शब्दांत काय अडकतेस? इकडे बाबा सोसायटीभर सांगत सुटलेत तुझं. त्यांना काय सांगू मी, पोरगी भांडून परत आली?"

मी फोन ठेवून दिला. ताईचं बोलणं चुकीचं असतं तर मला इतका राग आला नसता.

मग वर माझ्या खोलीत येऊन मोजणीची माझी वही काढली. पुढे प्रबंधाला लागेल म्हणून ती बरोबर आणली होती. काय शोधत होते कोण जाणे, पण सतराव्या चौकाच्या पानावर थांबले. त्या दिवशी दुसरा तास संपता संपता यंत्राची बॅटरी गेली. साहेबांना दिलेल्या मूळ फाइलमध्ये तिसरा तास कोराच आहे. पण अहवालात तिथे आकडा आहे. तो मी घातला. संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे म्हणून साहेब डोक्यावर बसले होते. आधीच्या दोन तासांची सरासरी काढली, वर दोन डेसिबल चढवले, आणि त्यावर 'तिसऱ्या तासात आवाज वाढतो' असा एक परिच्छेदही ठोकून दिला. पेन्सिलीचा तो हिशेब वहीच्या कडेला होता. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्याची लाज वाटते.

आणि मग साहेबांचं पत्र आठवलं. संपूर्ण लेखन स्वतः केलं म्हणे. म्हणजे हा खोटा आकडाही त्यांच्याच नावावर! मी त्या खोलीत एकटीच हसले.

शुक्रवारी बाईंपुढे मी पत्र ठेवलं, अहवाल ठेवला, मूळ फाइल उघडून दिली. वही पिशवीतच होती. बाईंनी दोन्हीकडचे आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. सतराव्या चौकावर बोट थांबलं.

"हे मोजलेलंच नाही. आणि पत्राप्रमाणे लिहिलंय यांनी." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "नीट ऐका. अहवाल त्यांचा असेल, तर तुम्ही संदर्भ द्यायला विसरलात असं मी लिहीन. माफीचा अर्ज द्या, नवा निबंध द्या, प्रकरण इथेच मिटेल. अहवाल तुमचा असेल, तर हा आकडाही तुमचा. मग हे समितीकडे जाईल, आणि खोट्या मोजणीला समिती सहसा माफ करत नाही. अहवाल कोणाचा आहे?"

मी नुसती गप्प राहिले असते तरी भागलं असतं. जागा राहिली असती, बाबांची मान ताठ राहिली असती, वर साहेबांच्या तोंडाला काळं. आठ वर्षं गप्प बसायचा सराव होताच की मला.

पण माझे चोवीस चौक त्या माणसाने घेतले, माझी वाक्यं घेतली, आणि आता माझं खोटंही मीच उचलून त्याच्या पदरात टाकायचं? माझ्या डोक्यात नुसता जाळ उठला. मी वही काढली, ते पान उघडलं आणि ती बाईंपुढे आपटली.

"माझा आहे. आकडाही माझाच आहे."

बाईंनी पेन्सिलीचा हिशेब वाचला. शाबासकी दिली नाही, की रागावल्याही नाहीत. एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून कागद माझ्याकडे फिरवला: हा अहवाल मी लिहिला आहे. त्यातला एक आकडा मी खोटा लिहिला आहे.

"समिती मंगळवारी बसेल," त्या म्हणाल्या. "सामान आत्ताच आवरू नका, पण फार पसरूही नका."

मी पेन दाबून सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. तो अहवाल माझा आहे असं सांगणारा जगातला तो पहिलाच कागद होता.