पडद्याचा मुकादम

"पाय भरून येतोय तिचा. पायाची काळजी नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "घोडी आडवी होत नाही, ही काळजी आहे. आज नववा दिवस. अजून दोन-तीन दिवस अशीच राहिली तर उभ्या उभ्या कोसळेल. आणि त्या पायावर कोसळली, तर मग माझ्याकडे एकच इलाज उरतो. तो तुम्हाला ठाऊक आहे, मुकादम."

दादाने मान खाली घातली. तो इलाज त्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार!

माझा दादा सव्वीस वर्षं रेसकोर्सवर पडदे धरायच्या कामावर होता. ऐकणाऱ्याला वाटतं, नाटक कंपनीत असेल. तसं नव्हे. शर्यतीत एखादा घोडा पाय मोडून पडला, की चार माणसं काठ्यांना लावलेलं हिरवं कापड घेऊन धावत सुटायची आणि त्या घोड्याभोवती आडोसा धरायची. आत हेच डॉक्टर शेवटची सुई टोचायचे. बाहेर बसलेल्यांना काही दिसायचं नाही आणि पुढची शर्यत वेळेवर सुटायची. त्या चौघांचा दादा मुकादम. निवृत्त झाल्यावर त्याने शहराबाहेरची एक बंद पडलेली वखार मिळवली, तिच्यात पागा केली आणि शर्यतीतून बाद झालेले, लिलावात कुणालाच नको असलेले लंगडे घोडे आणून ठेवायला लागला. अकरा झाले होते. ही घोडी बारावी.

"पापं धुतोयस का रे?" मी एकदा फोनवर विचारलं होतं.

"ती कसली धुतली जातात! पण हात गप्प बसत नाहीत, चिमे."

मी एकसष्ट वर्षांची, बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेली, गुडघे गेलेली बाई. पण दादासाठी अजून चिमीच. ही घोडी आणली त्या दिवशी त्याचा फोन आला, "तुला पट्ट्या छान बांधता येतात. ये इकडे." मी म्हटलं, माणसांच्या पायाला बांधते मी. तर म्हणतो, "पाय तो पायच." घरात माझी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. बॅग भरली आणि आले.

पहिल्याच दिवशी दादा मला पागा दाखवायला घेऊन गेला. मधे मोकळी वाट, दोन्ही बाजूंना सहा-सहा ठाणी. बाहेरून घोड्यांचं फुरफुरणं, पाय आपटणं ऐकू येत होतं. दादाने दाराची कडी काढली आणि सगळं एकदम थांबलं. अकराच्या अकरा माना वर. कान आमच्याकडे. तोंडातला घास तोंडात. शेपटीवर माशी बसली होती तीसुद्धा कुणी उडवली नाही.

"बघितलंस?" दादाची छाती फुगली होती. "कशी शिस्तीत उभी राहतात माझ्यापुढे! दुसऱ्या कुणाला असा मान देत नाहीत."

मला ते बरं वाटलं नाही. आमच्या वॉर्डात एक मोठे डॉक्टर होते, भयंकर तापट. ते फेरीला आले की पेशंट असेच पडून राहायचे. कण्हणारासुद्धा कण्हायचं विसरायचा. पण आल्या आल्या दादाच्या आनंदावर विरजण कशाला घाला, म्हणून मी गप्प बसले.

घोडी पहिल्याच ठाण्यात होती. काळपट तांबडी, शर्यतीचं वय उलटलेली, पुढच्या डाव्या पायाला मांडीपर्यंत पट्ट्या. पाठीवर लिलावाच्या आकड्याचा कागद चिकटवला होता, त्याचा डिंक अजून निघाला नव्हता. दादाने तिची गोष्ट मला दिवसातून दोनदा तरी सांगितली असेल.

"लंगडत लंगडत रिंगणात फिरवत होते तिला. कुणी बघेना. माझ्यासमोर आली आणि थबकली. पुढे पाऊलच टाकेना. दोघांनी ओढलं तरी हलेना. माझ्याकडे बघत राहिली नुसती. ओळखलं गं तिने मला! मग काय, हात वर केला मी."

त्या दिवसापासून दादाने तिच्या ठाण्यासमोरून खाट हलवली नाही. एरवी तो रोज सकाळी दोन-तीन तास चारा आणायला जायचा. आता चारा दारात येऊन पडत होता. तो तिथेच जेवायचा, तिथेच आडवा व्हायचा. घोडीच्या पापण्या मिटायला लागायच्या, पुढचे गुडघे हळूहळू वाकायचे, आता ही खाली बसणार असं वाटायचं. तेवढ्यात ती दचकून ताठ व्हायची आणि पहिली नजर टाकायची ती दादाच्या खाटेकडे. पट्टीखालचा पाय लटलट कापायचा.

"नीज गं बाई," दादा लहान लेकराशी बोलावं तसं बोलायचा. "घाबरू नकोस. मी आहे ना इथं."

ती त्याच्याकडे बघत उभी राहायची. पापणीसुद्धा लवायची नाही.

मला वाटायचं, घोडे उभ्यानेच झोपतात. दादालाही तसंच वाटत होतं. डॉक्टरांनी समजावलं, उभ्याने घेतात त्या डुलक्या. खरी झोप घ्यायला घोड्याला आडवं व्हावंच लागतं, थोडा वेळ का होईना.

"माझा एकही घोडा मी आडवा झालेला बघितला नाही," दादा म्हणाला. "सहा वर्षांत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग म्हणाले, रेसकोर्सच्या कोठारात रुंद पट्ट्यांची झोळी असते, पोटाखालून बांधून घोड्याचा भार वर तोलून धरायची. तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, घेऊन या. उपाय तात्पुरता, पण चार दिवस मिळतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा टेम्पो घेऊन निघाला. जाताना मला सतरा सूचना. मी म्हटलं, "बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. तुझी पागा एका दिवसात पळून जात नाही."

दुपारी बारा-साडेबाराला मी पाण्याची बादली घेऊन पागेत शिरले. आत चिटपाखरूही नसावं अशी शांतता होती. ठाण्यांच्या अर्ध्या दारांवरून घोडीखेरीज एकही मान दिसेना. कुणी दार उघडून घोडे नेले की काय, म्हणून मी दुसऱ्या ठाण्यात डोकावले.

घोडा कुशीवर पडला होता. चारही पाय लांब, मान पेंढ्यावर टाकलेली, ओठ सुटून दात दिसत होते. तिसऱ्या ठाण्यात तसंच. चौथ्यात तसंच. एकेका दारातून बघत मी शेवटापर्यंत गेले आणि समोरच्या रांगेने परत आले. अकराच्या अकरा.

मढी मी आयुष्यात कमी बघितलेली नाहीत, पण हातातली बादली कधी खाली ठेवली ते मला आठवत नाही. फोन लावला.

"दादा, सगळी आडवी पडलीत रे."

पलीकडे टेम्पोची घरघर थांबली. मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "पाय ताठ झालेत?"

"माहीत नाही."

"हात लावू नकोस. मी आलोच."

फोन ठेवल्यावर मी भानावर आले. नर्स ना मी! जवळ जाऊन बघितलं तर बरगड्या वरखाली होत होत्या. सावकाश. मी तिथेच भिंतीला टेकले आणि देवाचं नाव घेतलं. म्हातारा पांढरा घोडा झोपेत पाय हलवत होता. जागेपणी तीन पायांवर उड्या मारत चालणारा तो, झोपेत चारही पायांनी धावत होता. मोडका पायसुद्धा बरोबर तालात पडत होता.

नऊ दिवस ही सगळी जागी होती, हे मला तेव्हा कळलं. फक्त घोडी अजून उभी होती. ती खाटेकडे बघत होती. खाट रिकामी होती. तिने खालचा पेंढा हुंगला, पुढचे गुडघे वाकवले, मागचा भाग हळूच खाली आणला. जमिनीपासून वीतभर राहिली असेल, आणि थांबली. त्याच क्षणी सगळ्या पागेत खडखडाट झाला. एका पाठोपाठ एक घोडा उठत होता. कुणी घाई केली नाही, कुणी खिंकाळलं नाही. उठले, अंग झाडलं, कान दाराकडे केले आणि दगडासारखे उभे राहिले. घोडीही धडपडत सरळ झाली.

बाहेर रस्ता रिकामा होता. वारा आमच्याकडून रस्त्याकडे वाहत होता, म्हणजे वासही येणं शक्य नव्हतं. टेम्पोचा आवाज त्यानंतर चांगल्या दहा मिनिटांनी आला.

दादा धावत आत शिरला आणि दारातच थांबला. "कुठे आडवी आहेत? चिमे, डोळे तपासून घे तुझे!"

मी त्याला बाहेर नेलं, चहा दिला आणि सरळ सांगितलं. "दादा, तू असलास की ती निजत नाहीत."

तो हसला. "अगं, माझ्यावाचून ती घास खात नाहीत."

"घास खातात. निजत नाहीत. तू रोज चाऱ्याला जायचास ना, तेवढ्यात उरकून घेत असणार बिचारी. तुझ्या घोड्यांच्या अंगाला पेंढा कसा चिकटतो, कधी विचार केलास?"

"वाऱ्याने उडतो." मग त्याचा चेहरा उतरला. "तुला हेवा वाटतो का गं माझा?"

मला रागही आला आणि रडूही. हेवा कशाचा, लिदीचा? पण तो खरंच दुखावला होता. ती झोळी त्याने बांधून बघितली. घोडीने तिला असे हिसडे दिले की पट्टीतून रक्त आलं. शेवटी मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर आत गेले तशी घोडी पुढे झाली आणि त्यांच्या खिशाला नाक लावलं. बाकीचे घोडेही माना काढून त्यांना हुंगत होते. दादा माझ्याशेजारी वाटेत उभा होता. त्याच्याकडे मात्र सगळे नुसते बघत होते.

"मुकादम," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही माझी गाडी घेऊन त्या टेकडीपलीकडे जा. तीन तास येऊ नका."

आम्ही दोघं पागेच्याच कोपऱ्यातल्या विटांच्या ढिगावर बसून राहिलो. पाऊण तास गेला असेल. एकेक मान दारावरून खाली गेली. शेवटी घोडीने गुडघे वाकवले, एकदा कण्हली आणि पेंढ्यात बसली. मग कुशीवर कलंडली. डॉक्टर हळूच उठून तिच्यापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले, औषधांची पिशवी हातात धरून.

"सुया मी टोचल्या," ते पुटपुटले. "सगळ्या मी टोचल्या, बाई. आणि हे माझा खिसा हुंगतात."

दादा आला तेव्हा आम्हाला काही सांगावं लागलं नाही. आमची तोंडं बघूनच तो पायरीवर बसला. बराच वेळ तळहात चोळत राहिला.

"तुम्ही आत असायचात, डॉक्टर," तो म्हणाला. "पडद्याच्या आत. मी बाहेर. बाकीचे घोडे परतताना आमच्या अगदी जवळून जायचे. त्यांना तुम्ही कधी दिसलाच नाहीत. त्यांना आडवा पडलेला घोडा दिसायचा, आणि हिरवं कापड घेऊन धावत येणारा मी. मग तो घोडा त्यांना परत कधी दिसायचा नाही." त्याने नाक पुसलं. "लिलावात घोडी थबकली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, मला ओळखलं म्हणून."

"ओळखलंच होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

"किती दिवस लागतील तिला?"

"पायाला तीन महिने. पण मुकादम, प्रश्न तीन महिन्यांचा नाही."

"कळतंय मला," दादा म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने खाट उचलली. मी म्हटलं, हळूहळू सवय होईल त्यांना, असा तडकाफडकी जाऊ नकोस. तो म्हणाला, "सहा वर्षांत झाली नाही, चिमे." कुणाच्या पायाला कोणतं तेल, कुणाला दाणे भिजवून द्यायचे, पांढऱ्याला डाव्या बाजूने का जायचं नाही, सगळं त्याने मला दोनदा सांगितलं आणि एकदा म्हणवून घेतलं. पागेत मात्र परत गेला नाही. दाराबाहेरूनच निघाला. आत सगळी जागी उभी होती हे मला ठाऊक होतं, पण ते त्याला मी सांगितलं नाही.

आता तो शहरात, चारा विकणाऱ्याच्या दुकानावरच्या माळ्यावर राहतो. इथला चारा, दाणा, औषधं, सगळं तो तिथून पाठवतो. लिलावालाही डॉक्टरच जातात. दादा त्यांना घोडा कसा बघायचा ते शिकवतो. दिवसातून तीनदा फोन येतो. "झोपली का?" हा पहिला प्रश्न. माझी तब्येत त्यानंतर, आठवण झाली तर.

गेल्या आठवड्यात मी हौसेने घोडीचा फोटो काढला. दुपारच्या उन्हात, पेंढ्यावर कुशीवर पसरलेली, मान टाकून. दादाला पाठवला. लगेच फोन आला.

"पुसून टाक तो."

"अरे, झोपलीय ती! किती गाढ..."

"कळतंय मला. पण फोटोत तसंच दिसतं, चिमे." त्याचा आवाज चिरकला. "सगळी तशीच दिसायची."

मी फोन कानाला तसाच धरून पागेत गेले. घोडी अजून निजलेली होती. मी गुडघ्यांचा विचार न करता तिच्याजवळ पेंढ्यात बसले. "दादा," मी हळूच म्हटलं, "आता एक शब्द बोलू नकोस. नुसतं ऐक."

मी फोन तिच्या नाकपुडीशी धरला. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. ऊबदार, ओलसर, पेंढ्याची काडी हलवणारा. तिचा एक कान जरासा फिरला आणि पुन्हा सैल पडला. माझा हात अवघडला, मग दुसऱ्या हातात घेतला. एवढा वेळ दादा पलीकडे होता, पण त्याने खोकलासुद्धा येऊ दिला नाही.